तिसऱ्या रकान्यातले अध्यक्ष

घरोघर फिरायच्या कामात पायाला धूळ लागते आणि कानाला गोष्टी. धूळ संध्याकाळी दोन तांब्यांत जाते. गोष्टी जात नाहीत. एक सांगायला घेतली की मागच्या चार ‘आमचं काय?’ म्हणत पुढे येतात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, “इंदू, ते कमेटीचे किस्से सांग ना,” आणि सांगायच्या आधीच हसायला लागतात. मीही हसते. पण खरं सांगू का, सांगता सांगता मला अजून राग येतो.

कमेटी म्हणजे आमच्या गावची म्युनिसिपल कमेटी. गाव वर्धा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच मंडळी अजून मला रस्त्यात भेटतात. कमेटीचे अध्यक्ष गणपतराव. दहा वर्षं एकाच खुर्चीत. नळ आले ते आधी त्यांच्या कापसाच्या जिनिंगसमोर. बाजार हलला तो त्यांच्या भावाच्या प्लॉटशेजारी. पुन्हा उभे राहिले तर पडणार हे त्यांच्या टांगेवाल्यालाही ठाऊक होतं, म्हणून ते उभे राहणार नव्हते. पण जाण्याआधी त्यांना एका इमारतीवर आपलं नाव हवं होतं: मुलींच्या नव्या शाळेवर.

ती शाळा मथुराबाईंच्या जागेवर उभी आहे. मथुराबाई विधवा, शिवणकाम करून राहणाऱ्या. त्यांची एकुलती एक कमल चौथी पास झाली, पुढे मुलींची शाळा नव्हती म्हणून घरी बसली आणि बाराव्या वर्षी मुदतीच्या तापानं गेली. बाईंनी घरामागची सगळी जागा शाळेला देऊन टाकली. अट एकच: शाळेला कमलचं नाव. गणपतरावांनी भर सभेत शब्द दिला, टाळ्या घेतल्या. कागद कोणीच केला नाही.

इमारत झाल्यावर कळलं की नाव दुसरंच लागणार आहे. मथुराबाईंनी वर्ध्याला जिल्हा कचेरीत अर्ज पाठवला. तिकडून उत्तर आलं, अध्यक्षांच्या कारकिर्दीबद्दल आणि शाळेच्या नावाबद्दल गावाचं मत घ्या, बायकांचंही घ्या. आता बायकांचं मत घ्यायला परका पुरुष चुलीपर्यंत जाणार कसा? म्हणून नागपूरहून बी.ए. होऊन आलेली मी आणि इंटर झालेली विमल, आमची नेमणूक झाली. विमल धीट. मी कडी वाजली तरी दचकते. तेव्हा दारं तिनं वाजवायची आणि फॉर्म मी भरायचा, असं आम्ही वाटून घेतलं.

*

पहिल्या दिवशी कमेटीचे हेडक्लार्क शामराव यांनी आम्हाला काम समजावलं. फॉर्मवर तीन रकाने होते: अनुकूल, प्रतिकूल, मत नाही.

“खूण पेन्सिलीनं करा,” शामराव म्हणाले. “शाई मी फिरवीन.”

मी विचारलं, “लोक जे बोलतील ते शब्दशः लिहायचं का?”

“अवो बाई, ऐकू येईल ते लिहायचं नाही. विचारलं तेवढंच लिहायचं.”

“आणि कोणी शिव्या दिल्या तर?” विमलनं विचारलं. गाव तिला माहीत होतं.

शामरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शिवी म्हणजे मत नव्हे. शिवी तिसऱ्या रकान्यात.”

पहिल्या आठवड्यातच आमचा तिसरा रकाना ओसंडून वाहायला लागला.

*

तेलघाणीवाले सुखदेवबुवा आमच्या यादीत पहिल्याच पानावर होते. आम्ही गेलो तेव्हा घाणी सुरू होती. बैल फिरत होता, बुवा त्याच्यामागे फिरत होते आणि त्यांच्या मागे आम्ही दोघी. थांबा म्हणायची सोय नव्हती. थांबले तर बैल थांबतो.

“अध्यक्षाबद्दल इचारता?” बुवा म्हणाले. “इचारा. त्यानं माह्या दारातला कडुनिंब तोडला. सडक रुंद करतो म्हने. सडक कोठी हाय? सांगा मले, हाय काय सडक?”

एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात सडकेच्या गिट्टीचं काय झालं ते आलं. तिसऱ्यात अध्यक्षांचे वडील आले, चौथ्यात आजोबा. मी आयुष्यात ऐकले नव्हते असे शब्द ऐकले. बैल मधेच फुरफुरला, तेव्हा माझ्या हातातलं पॅड खाली पडलं.

सातव्या फेऱ्याला बुवांना दम लागला. विमल म्हणाली, “मग प्रतिकूल लिहायचं ना, बुवा?”

“काऊन प्रतिकूल? अनुकूल लिव.”

“अहो, पण तुम्ही आत्ता...”

“ते मी तुले सांगतलं, पोरी. कागदाले नाई सांगतलं. माह्या नलाचा अर्ज पडला हाय कमेटीत. तू तर उद्या जाशीन, अर्ज तठीच राहीन.”

*

शिंपीपुऱ्यात नालीसाठी खणलेला चर दोन वर्षं तसाच उघडा होता. प्रत्येक घरानं आपापली एकेक फळी करून ठेवली होती आणि पाहुणा आला की ती टाकायची, गेला की उचलून घ्यायची. एका घरासमोर आम्ही उभ्या राहिलो. पलीकडे रखमाबाई फळी बगलेत धरून उभ्या.

“कोनाच्या कामानं आल्या?”

“कमेटीच्या,” विमल म्हणाली.

फळी बगलेतच राहिली. “मंग तठूनच बोला.”

मी चराच्या अलीकडून ओरडून प्रश्न वाचला: मुलींच्या शाळेस अध्यक्षांचे नाव द्यावे काय?

“शाळेले काऊन?” रखमाबाई म्हणाल्या. “ह्या नालीले द्या ना. दोन सालापासून खनून ठेवली त्यानं. माह्या सासूचा पाय मोडला हिच्यात. मोठ्या अक्षरात लिवा नाव, म्हंजे पडनाऱ्याले वाचता येईन.”

आजूबाजूच्या दारांतून हसू फुटलं. आम्हीही हसलो. विमलनं ठसठशीत प्रतिकूलची खूण केली.

संध्याकाळी शामरावांनी तो फॉर्म पाहिला, सगळी हकीकत विचारून घेतली आणि खोडरबर काढलं.

“नाव द्या, असंच म्हणाली ना ती?”

“नालीला द्या म्हणाली, शामराव.”

“कशाला द्यावं, हा तपशील झाला. नाव द्यावं, हे मत. अनुकूल.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं, ऊन लागलं.

*

कापडाच्या दुकानदारांच्या घरी मात्र फार अगत्य. बैठकीत गादी, तक्के, सरबत. शेटजींनी फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाले, “आमच्या घरात पाच माणसं. पाची अनुकूल.”

विमल म्हणाली, “बायकांना आम्ही आत जाऊन विचारतो.”

“आत कशाले? मी सांगून राह्यलो ना. माय, बायको, दोन सुना; पोरं दोघंही नागपूरले. घराचं मत एकच राह्यते.”

तेवढ्यात आतून थाळी आपटल्याचा आवाज आला. मी जागच्या जागी उडाले; सरबत साडीवर.

“मांजर हाय,” शेटजी म्हणाले.

पुन्हा थाळी. या वेळी जोरात.

“दोन मांजरी हाय.”

मग एकाच वेळी एक थाळी आणि एक पितळी डबा वाजला. शेटजींनी तक्क्यावरून मान वळवली नाही. विमल शांतपणे म्हणाली, “शेटजी, चार मांजरी झाल्या. तुमच्या घरात बायकाही चारच ना?”

शेटजी हसले. पण फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाच खुणा केल्या, आणि पेन्सिल परत दिली नाही.

*

मनापासून अनुकूल असा एकच माणूस आम्हाला सगळ्या गावात भेटला, तो म्हणजे मनोऱ्यावरचा दौलत.

मनोरा ही गणपतरावांची सर्वांत मोठी कामगिरी. घड्याळाचा मनोरा. बांधून सहा वर्षं झाली, घड्याळ आलेलं नाही. चारी बाजूंना चार गोल भोकं आहेत आणि त्यांत पारवे राहतात. घड्याळाला चावी द्यायला म्हणून दौलतची नेमणूक मात्र मनोरा पुरा व्हायच्या आधीच झाली होती. घड्याळ नाही तर निदान टोले तरी द्या, म्हणून त्याला एक घंटा दिलेली. तो वर बसून स्टेशनाकडे पाहायचा आणि सिंदीकडून नऊची पॅसेंजर आली की नऊ टोले द्यायचा. गाडी दीड तास उशिरा आली की आमच्या गावचे नऊही साडेदहाला वाजत. त्या टोल्यांवर निघून शाळेतली पोरं उशिराच्या छड्या खात.

“अध्यक्ष म्हंजे देवमाणूस,” दौलत म्हणाला. “अनुकूल लिवा, दोनदा लिवा. अन् बाई, खाली एक ओळ लिवता येईन काय?”

“काय लिहू?”

“घड्याळ आनू नये म्हनून.”

*

मथुराबाईंचं घर मी यादीत रोज पुढे ढकलत होते. शेवटी विमलनं मला हाताला धरून नेलं.

त्या मशीनवर बसल्या होत्या. नव्या शाळेच्या मुलींचे निळे स्कर्ट शिवत होत्या. खिडकीतून मागची इमारत दिसत होती; पाटीची जागा अजून कोरी. त्यांनी आम्हाला गूळपाणी दिलं आणि मी काही वाचायच्या आधी त्यांनीच विचारलं, “तुमच्या कागदावर तिचं नाव हाय काय?”

फॉर्मवर कमलचं नाव कुठेच नव्हतं. इतकी घरं फिरले, दोनशे वेळा तो प्रश्न वाचला असेल, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बी.ए. झालेली मी.

“नाही,” मी म्हणाले.

“मंग मी मत कशाचं देऊ? त्याचं नाव पायजे की नाई, हे इचारता. तिचं पायजे काय, हे कोनीच नाई इचारत.” त्यांनी मशीनचा दोरा दातानं तोडला. “त्यानं चार लोकात शब्द देल्ला होता, एवढं लिव बाई. दुसरं काई नको लिवू.”

शब्द दिला होता, याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, अगदी बारीक अक्षरात. शामरावांचा नियम मोडला, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर शामराव त्याच फॉर्मवर रबर घासत होते. “समास कोरा पाहिजे, इंदूताई,” ते म्हणाले. “समास कोरा असला की कागद टापटीप दिसतो.” त्यांनी रबराचा चुरा फुंकला. तो माझ्या पदरावर येऊन पडला.

*

यादी पुरी करायची तर अध्यक्षांचं घरही आलंच. गणपतराव बाहेर गेले होते. त्यांची बायको ताराबाई आम्हाला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, पाटावर बसवलं आणि फॉर्म मागितला. ओळीखाली बोट फिरवत, एकेक अक्षर लावत त्यांनी पुरा वाचला. अध्यक्षांच्या नावावर बोट आलं की ते टुणकन पुढच्या शब्दावर जायचं.

“तुम्हाला वाचता येतं?” विमलला राहवलं नाही.

“मथुराची कमल शिकवून गेली. पापड लाटाले यायची. पिठात बोटानं काढून दाखवे मले, हा क, हा म.” त्यांनी फॉर्म खाली ठेवला. “आता इचारा.”

मी विचारलं, “शाळेला कोणाचं नाव द्यावं असं तुम्हाला वाटतं?”

त्या गप्प. मी वाट पाहिली. शेवटी मी पेन्सिल तिसऱ्या रकान्याकडे नेली.

“मत नाई असं नाई, बाई,” त्या घाईनं म्हणाल्या. “ते नाव मले तोंडानं घेता येत नाई. आता तूच सांग, मालकाचं नाव बाईमाणसानं घ्यावं कसं? चतुर्थीच्या देवालेसुद्धा मी सोंडवाला म्हनतो. अन् उद्या ह्या शाळेवर त्यायचं नाव लागलं, तर माह्या नातीनं कोन्या शाळेत जाते म्हनून इचारलं तर काय सांगू?”

“मग काय नाव असावं?” मी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं, आणि मागून काठीचा ठोका ऐकू आला. माझ्या हातातली पेन्सिल चुलीत गेली. दारात गणपतराव उभे होते.

“तिचं कसलं आलं मत?” ते हसून म्हणाले. “लिहा, मत नाही.”

पेन्सिलही त्यांनीच दिली. स्वतःच्या खिशातली, तांबडी.

*

मोजणी शामरावांनी केली. तिसरा रकाना सगळ्यांत भारी निघाला. सगळ्या गावच्या शिव्या त्यात. मला वाटलं, चला, निदान अनुकूल तर हरलं.

शामरावांनी रिपोर्ट वाचून दाखवला: लोकमत अध्यक्षांस भरघोस अनुकूल.

“कसं काय?” विमल म्हणाली.

“मत नाही, म्हणजे विरोध नाही. आणि विरोध नाही, म्हणजे होकार. कमेटीच्या सभेत कोणी बोललं नाही तर ठराव मंजूर होतो की नाही? तोच नियम.”

“ह्याच्यावर मी सही करत नाही,” विमल म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

मी केली. लपवून काय करू? शामरावांनी टाक पुढे धरला, वर गणपतरावांचा फोटो होता, बाहेर कोणाचीतरी काठी वाजली, आणि मी सही केली. घरी येताना मथुराबाईंच्या गल्लीतून जायचं टाळलं, आणि पुढचे तीन आठवडेही लांबच्या रस्त्यानं गेले.

*

शाळेच्या उद्घाटनाला मला बोलावणं आलं, कारण समारंभाची नोंद घेताना शामरावांना मदतनीस हवी होती. मांडवात गाव लोटलं होतं. सुखदेवबुवा होते, रखमाबाई होत्या, शेटजी आणि त्यांच्या घरच्या चारही जणी होत्या. मथुराबाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. विमल मुद्दाम त्यांच्याशेजारी बसली. पुढे निळ्या स्कर्टातल्या मुली रांगेनं उभ्या. शामरावांनी त्यांना सकाळपासून घोकवलं होतं: ताराबाई माईकवर शाळेचं नाव सांगतील, लगेच सगळ्यांनी ते मोठ्यानं तीनदा म्हणायचं. नेमकं नाव मात्र त्यांनी मुलींना सांगितलं नव्हतं. ताराबाईंच्या तोंडूनच, उखाण्यातून आधी यावं, अशी गणपतरावांची हौस.

मुलींची शाळा, तर पडदा सौभाग्यवतीच्या हातानं सरकावा, ही कल्पनाही गणपतरावांचीच. ताराबाई उठल्या. पडदा ओढला. मागे काळ्या दगडावर त्यांच्या मालकाचं नाव होतं, पांढऱ्या अक्षरात, हातभर लांब.

बायकांच्या बाजूनं कल्ला झाला. “नाव घ्या, ताराबाई, नाव घ्या!” सगळ्यांना वाटलं, आता छानसा उखाणा येणार. गणपतरावांनाही वाटलं, त्यांनी हार नीट केला आणि मान जरा तिरपी करून बसले.

ताराबाई माईकपाशी आल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“दगडावर जे कोरलं ते मले तोंडानं घेता येत नाई,” त्या म्हणाल्या. लाउडस्पीकर घरघरला. मी दचकले, पण त्या दचकल्या नाहीत. “जे घेता येते ते सांगतो. कमलची शाळा.”

आणि घोकवलेल्या त्या पोरींनी, एका सुरात, मांडव दणाणून सोडत म्हटलं, “कमलची शाळा! कमलची शाळा! कमलची शाळा!”

मनोऱ्यावरचे पारवे भर्रकन उडाले. मथुराबाईंनी विमलचा हात धरलेला मला दिसला. गणपतराव तसेच, मान तिरपी, तोंड किंचित उघडं. एक शब्द नाही.

माझ्या शेजारी शामराव नोंदवही मांडीवर घेऊन बसले होते. टाक हवेत.

“काय लिहू हो, इंदूताई?” त्यांनी हळूच विचारलं.

“ऐकू आलं ते लिहा.”

त्यांनी तेवढं लिहिलं. मग परत थांबले, व्यासपीठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आणि अध्यक्षसाहेब तर काहीच बोलले नाहीत. ते काय लिहू?”

“तुमचा नियम काय आहे, शामराव?” मी म्हणाले.

शामरावांनी टाक दौतीत बुडवला.